सोमेश्वरच्या अलीकडचा गुंता

दादा,

तुझं घड्याळ सध्या माझ्या मनगटावर आहे. वजन उतरल्यावर तो नारिंगी पट्टा तुला सैल व्हायला लागला, तेव्हा तू तापवलेल्या दाभणाने त्याला एक जादा भोक पाडलं होतंस. त्याच भोकात तो मला नीट बसतो. भोक वाकडं पडलंय. तेव्हा मी हसले होते. आता रोज सकाळी तिथेच बक्कल अडकवते आणि काही वाटत नाही.

काही वाटत नाही, हेच खरं तर तुला सांगायचं आहे. मला अजून रडू आलेलं नाही. लोक भेटायला येतात, पाठीवरून हात फिरवतात आणि मी उठून त्यांना पाणी आणून देते. शैलावहिनीच्या माहेरच्या एक बाई म्हणाल्या, "बहीण फार खंबीर आहे हो." खंबीर कसली. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला नसल्यासारखा वाटतो, तसं झालंय. चिमटा काढला तरी कळत नाही, एवढंच.

तुझं वय, नोकरी, मागे कोण कोण आहे, ते सगळं ऋताने पेपरात दिलं. फोटो दिला तो पासपोर्टचा, ज्यात तू रांगेत कुणीतरी मध्ये घुसल्यासारखा बघतोयस. लेकीला घाईत तोच सापडला. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी घड्याळाबद्दल बोलायचंय, कारण गेली काही वर्षं आपण दुसऱ्या कशाबद्दल फारसं बोललोच नाही.

तुला साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि तू हट्टाने धावायला लागलास. चालणं म्हाताऱ्यांचं, म्हणालास. ऋताने तुझ्या वाढदिवसाला हे जीपीएसचं घड्याळ पाठवलं. बाबा आता सगळं मोजूनमापून करतील, असं तिला वाटलं. तुझी पहिली तक्रार त्याच रविवारी माझ्याकडे आली.

"मंगे, मी पाच किलोमीटर धावलो. हे म्हणतंय पावणेपाच. उरलेलं पाव कुणाच्या खिशात गेलं?"

माझ्याकडेच येणं साहजिक होतं. मी जमिनी मोजते. सिन्नर, ओझर, कधी पार मालेगावपर्यंत. हद्दीच्या दगडावर काठी रोवायची, तिच्या डोक्यावरच्या यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं, हा माझा धंदाच आहे. बांधाच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी एकमेकांशी बोलत नाहीत, पण "मॅडम, यंत्र चुकतंय" हे मात्र दोघं एका सुरात म्हणतात. त्यांना मी जे सांगते तेच तुला सांगितलं. यंत्र खोटं बोलत नाही, आपण चुकीच्या जागी उभे असतो.

तुझी चुकीची जागा सापडायला वेळ लागला नाही. तुमच्या कॉलनीच्या तोंडाशी मारुती आहे, पिंपळाचा पार आहे आणि वर पत्र्याची शेड. तू घरून निघायचास, बूट काढायला नकोत म्हणून पारापाशीच उभा राहून हात जोडायचास आणि तिथेच घड्याळाचं बटण दाबायचास. घड्याळाला आकाशातले निदान चार उपग्रह दिसावे लागतात. त्या बिचाऱ्याला दिसायचा पत्रा, आणि पत्र्यावर पिंपळ. मग ते अंदाजाने सुरू व्हायचं, गंगापूर रोडला उघड्यावर आलं की भानावर यायचं आणि मारुतीपासून तिथपर्यंत एक सरळ रेघ ओढून मोकळं व्हायचं. रस्त्याची दोन वळणं गायब. नकाशात तू रोज सकाळी समोरच्या बंगल्याच्या गच्चीवरून उडत जायचास.

"आधी उघड्यावर जा," मी सांगितलं. "जरा थांब. सिग्नल मिळाला की बटण दाब. मग मागे येऊन मारुतीला काय सांगायचं ते सांग."

"म्हणजे देवाच्या आधी उपग्रह?"

"देव रागावणार नाही."

"तो नाही रागावणार गं. मलाच चुकल्यासारखं वाटेल. आणि काय, मारुतीही आकाशातूनच गेला होता ना? त्याच्या डोक्यावरून ज्याचा सिग्नल येत नाही, तो उपग्रहच कच्चा."

हा वाद आपण दर रविवारी घातला. मी यायचे, वहिनी पोहे टाकायची आणि तू घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवायचास. मी एकेक उपाय करत गेले. घड्याळ फोनला जोडलं, कारण उपग्रह आज कुठे आहेत याची ताजी माहिती फोनकडून मिळाली नाही तर ते आकाशात चाचपडत बसतं, आणि तू महिना महिना जोडायचाच नाहीस. अपडेट केलं. दर सेकंदाला नोंद करायला लावलं. अमेरिकेच्या उपग्रहांच्या जोडीला बाकीच्या देशांचेही चालू केले, तर बॅटरी खातं म्हणून तू ते पुन्हा बंद केलंस. दर वेळी आकडा थोडा सुधारायचा आणि तू थोडा नाराज व्हायचास. हृदयाचे ठोके मोजायचं मात्र तू स्वतःच बंद करून टाकलं होतंस. ते आकडे बघून वहिनी घाबरते, म्हणालास.

घाबरायचीच ती. तुझा रिपोर्ट आला त्या दिवशी तिने साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. घरात येईल त्याला बिनसाखरेचा चहा, मलासुद्धा. मी तोंड वाकडं करून प्यायचे. तू मात्र घोट घोट घ्यायचास आणि कप खाली ठेवताना म्हणायचास, "शैला, तुझ्या हातालाच गोडी आहे." वहिनी दिवसभर त्या वाक्यावर चालायची. मला वाटायचं, माझ्या भावाने काय मन आवरलंय. कौतुक वाटायचं, दादा, खरंच.

त्या शेवटच्या रविवारी मी ऑटो पॉज काढलं. आपण थांबलो की घड्याळ आपोआप थांबतं, निघालो की सुरू होतं, ती ही सोय. पण झाडांखाली सिग्नल कमजोर झाला की घड्याळाला वाटतं, हा माणूस थांबला, आणि ते मधलं अंतर गिळून टाकतं. तुझं पाव किलोमीटर थोडंफार तिथेही जात असेल, असा माझा तर्क. एरवी घड्याळ माझ्या स्वाधीन केलं की तू पेपरात डोकं घालायचास. त्या दिवशी पेपर खाली ठेवलास.

"ते राहू दे ना, मंगे. आपण थांबलो की थांबतं बिचारं."

"ते थांबतं म्हणूनच अंतर कमी येतं."

"म्हणजे आता मी थांबलो तरी हे चालूच राहणार?"

"राहणार."

"आणि नकाशात दिसणार?"

"दिसेल. बघायला कोण बसलंय?"

घड्याळ बांधलंस, मला दारापर्यंत सोडायला आलास. आपलं शेवटचं बोलणं ते असं. लोकांचं शेवटचं बोलणं 'सांभाळून जा' असतं, 'पोचलीस की फोन कर' असतं. आपलं सेटिंगवरून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू धावून आलास, अंघोळ केलीस, वहिनीने दिलेला चहा प्यालास आणि गॅलरीतल्या खुर्चीत पेपर घेऊन बसलास. वहिनीने आतून हाक मारली तेव्हा तू ओ दिली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. इथवर ठीक होतं. मग आणखी एक वाक्य म्हणाले, ते म्हणायला नको होतं. "आधी काहीतरी जाणवलं असेलच त्यांना." वहिनीने तुझं वय ऐकलं नाही, औषधांची नावं ऐकली नाहीत, ते एक वाक्य तेवढं घरी घेऊन आली.

ऋता पोचल्यावर दोन दिवसांनी तिने तुझं घड्याळ तिच्या फोनला जोडलं. बाबांचं शेवटचं धावणं तिला बघायचं होतं. आम्ही तिघी सोफ्यावर बसलो होतो. सुरुवात नेहमीसारखीच, तू मारुतीपाशी बटण दाबलंस आणि गच्चीवरून उडालास. मग रस्त्याने सरळ, मग नदीकडे उतरणारी वाट, आणि सोमेश्वरच्या देवळाच्या थोडं अलीकडे ती रेघ एकाएकी विस्कटली होती. मांजराने लोकरीचा गुंडा घेऊन खेळावं तशी. एका जागी नुसता गुंता, आणि मग पुन्हा सरळ रेघ, घरापर्यंत.

वहिनीने त्यावर बोट ठेवलं. "हे काय गं?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. "माणूस एका जागी बसून राहिला की असं येतं. घड्याळाला नेमकी जागा कळत नाही, ते आजूबाजूला भटकत राहतं."

बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते.

"म्हणजे हे तिथे बसले होते," वहिनी म्हणाली. "दुखलं असणार. म्हणून बसले असणार. मग घरी आले, माझ्या हातचा चहा प्याले आणि मला सांगितलं नाही."

"आई, काहीतरीच काय. सिग्नलचा घोळ असतो तो," ऋता म्हणाली. "आत्या, सांग ना तिला."

ती माझ्याकडे बघत होती. 'हो' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. बाकी सगळ्यांनी त्या दिवसांत किती खोटं बोलून घेतलं. तो शांतपणे गेला, त्याला काही कळलंही नाही, नशीबवान. कुणाचं काही बिघडलं नाही. मी म्हणाले, "बघून सांगते."

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. शेजारी माणसाच्या आवडीचं ठेवतात म्हणून वहिनीने घरून थर्मास आणला होता. तुझ्याच कपात चहा ओतून ठेवला, बिनसाखरेचा. कावळे भरपूर होते. शेजारच्या पिंडाला लगेच शिवले, तुझ्याकडे एक फिरकेना. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. ऋता म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला दुसरं काही सुचेना, मी म्हणाले, "दादा, घड्याळाचं बघते मी." ऋताच्या नवऱ्याने मान खाली घातली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववून घेतलं. परत येताना रिक्षात वहिनी म्हणाली, "बघितलंस ना? सांगायचं राहिलंय त्यांचं काहीतरी."

माझा कावळ्यांवर विश्वास नाही. पण वहिनीचा चेहरा मला बघवेना.

म्हणून मग मी मोजणी काढली. ती मला येते. रडणं येत नव्हतं, मोजणी येत होती. दुसऱ्या सकाळी घड्याळ बांधलं, तुझ्याच वाटेने निघाले. मी धावत नाही, तुला माहीत आहे. बांधांवरून चालून चालून माझे गुडघे आधीच कुरकुरतात. तरी धावले, धापा टाकत का होईना. ताडून बघायचं तर सगळं तुझ्यासारखंच करायला हवं, म्हणून मारुतीपाशी उभं राहून बटण दाबलं. हात जोडले नाहीत. मग चार पावलं पुढे जाऊन मागे आले आणि जोडले. एकही गोष्ट वेगळी ठेवून मोजणी करत नाहीत.

त्या जागेवरून मी न थांबता गेले. झाडं दाट आहेत तिथे, वर चिंच आहे, एका बाजूला नदी. घरी येऊन नकाशा बघितला. रेघ जराशी थरथरली होती, पण गुंता नव्हता. पुन्हा गेले, पुन्हा न थांबता. पुन्हा साफ. घोळ झाडांचा असता तर तो मलाही दिसला असता. त्याच्या पुढच्या सकाळी मी थांबले. चिंचेखाली दगडी बाक आहे, त्यावर बसले आणि मनगटाकडे बघत राहिले. घड्याळ भटकायला लागलं. मी जागची हलले नव्हते आणि ते मला नदीत नेत होतं, रस्त्यावर आणत होतं. हुबेहूब तुझाच गुंता.

म्हणजे तू बसला होतास. ऋताला हवं असलेलं उत्तर तिथे संपलं. मला काहीच वाटलं नाही. बांधावर हद्द निघाल्यावर मी जशी सामान आवरायला लागते, तशी उठले.

बाकाच्या पलीकडे चहाची टपरी आहे. तिथली मावशी स्टो पुसत होती. तिने विचारलं, चहा देऊ का. मी नको म्हटलं. तिची नजर माझ्या हातावर गेली.

"हे तर भाऊंचं घड्याळ हाय."

"कोणत्या भाऊंचं?"

"पळायला येत्यात ना रोज. हितंच बसत्यात, तुम्ही बसल्या व्हत्या तितंच. कडक चहा नि साखर जास्त. मी म्हणते, भाऊ, येवढी साखर? तर म्हणत्यात, मावशी, घरी एक बायको नि एक बहीण, दोघी माझं मोजमाप काढत्यात. हितं तरी बिनमोजता दे." तिने फडकं पिळलं. "बरेच दिस झाले, आले नाय. गावाला गेले का?"

मी सांगितलं. ती टपरीच्या कडेला टेकली आणि बराच वेळ फडक्याची घडी करत राहिली.

"सोमवारी तर आलते," ती म्हणाली.

"त्याच दिवशी गेला तो. मावशी, मला नीट सांगा. तेव्हा कसा होता? दुखतंय वगैरे म्हणाला?"

"नाय हो ताई. आल्या आल्या म्हणले, मावशी, आजपासून हे घड्याळ थांबत नाय, बहिणीनं याची खोड मोडली, पटकन दे. असं म्हणले आन् बसले निवांत. दुसरा बी घेतला. छातीला हात नाय, काय नाय. लय खुशीत व्हते. तुम्हीच का त्या बहीण?"

"मीच."

"लय सांगायचे तुमचं. म्हणायचे, माझी बहीण अख्खा जिल्हा मोजून काढती, पण हा बाक काय तिला घावायचा नाय."

मी चहा मागितला. साखर जास्त.

घरी येऊन जुन्या नोंदी उघडल्या. घड्याळ दोन प्रकारची वेळ लिहून ठेवतं, एक नुसत्या धावण्याची आणि एक बटण दाबल्यापासूनची सगळी. दुसरी कुणी बघत नाही. मीही कधी बघितली नव्हती, मला अंतर सुधारायचं होतं. दोन्हींत रोज फरक. एक चहा शांतपणे पिण्याएवढा, रोज, पार सुरुवातीपासून. तू बाकावर टेकलास की ऑटो पॉज डोळे मिटून घ्यायचं आणि उठलास की उघडायचं. म्हणून तुला ते बंद करायचं नव्हतं. पकडला गेलास, दादा. आणि माहीत असून, 'पटकन दे' म्हणून, दुसराही प्यालास.

मला तुझा राग आला. तू गेल्यापासून मला नीट काही वाटलं असेल तर ते हेच. साखर होती रे तुला. ती बाई घरात साखरेचा दाणा ठेवत नव्हती, मी दर रविवारी तो पाणचट चहा गिळत होते, तुझं बघून. आणि तू आमच्याकडून शाबासकी घेत होतास. राग आला आणि त्यातच हसूही आलं. रामकुंडावर तुझ्यापुढे पुन्हा बिनसाखरेचाच चहा ठेवल्यावर कावळा तरी कशाला शिवतो.

मग प्रश्न उरला, वहिनीला काय सांगायचं. सिग्नलचा घोळ म्हटलं तर ती सुटते. पण मी तुला इतकी वर्षं सांगत आले की यंत्र खोटं बोलत नाही, आणि आता तू उलट उत्तर द्यायला नाहीस म्हणून मी वाक्य फिरवायचं, हे मला जमेना. खरं सांगितलं तर ती म्हणेल, त्या साखरेनेच घेतलं त्यांना. किंवा म्हणेल, रोज फसवत होते मला. एक काटा काढून दुसरा घालायचा. शिवाय माझी मोजणी तरी कितपत पक्की? तू बसलास, चहा प्यालास, हसलास, एवढंच मावशीने पाहिलं. हसणाऱ्या माणसाच्या छातीत काय चाललंय ते कुठलंच यंत्र मला सांगत नाही, आणि जे सांगणारं होतं ते तू बंद करून ठेवलं होतंस. तिला दिसू नये म्हणूनच.

काल दुपारी सांगितलं. वहिनी मेथी निवडत होती. मी समोर बसले, जुडी अर्धी घेतली आणि सगळं सांगितलं. बाक, मावशी, दोन चहा, रोजचा फरक. जे मला माहीत नाही तेही सांगितलं. ती मान खाली घालून पानं खुडत होती.

"किती चमचे?" तिने विचारलं.

"जास्त, एवढंच म्हणाली ती."

"आणि मग घरी येऊन माझा प्यायचे."

"हो."

"म्हणायचे, तुझ्या हातालाच गोडी आहे."

"हो."

"तिकडची गोडी असायची तोंडात मेल्याच्या."

तुला आयुष्यात 'अहो'शिवाय हाक न मारलेली बाई, दादा. शब्द निघून गेला. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, मोठ्याने, मेथीच्या ताटावर वाकून. इतक्या दिवसांत ती अशी रडली नव्हती. मी ताट बाजूला केलं.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. "म्हणजे सोमवारी बरे होते."

"मावशीला बरे दिसले, वहिनी. मला तेवढंच म्हणता येईल."

"तेवढं पुरे मला."

मला वाटलं, विषय संपला. रात्री निघताना तिने दारात विचारलं, "उद्या जाणारेस का तू तिकडे?" मी म्हटलं, आता कशाला, मोजणी झाली. ती म्हणाली, "जाणार असशील तर मला हाक मार."

आज सकाळी आम्ही दोघी गेलो. धावलो नाही, चाललो. तिच्या पायात नेहमीच्याच वहाणा होत्या. मारुतीपाशी तिने हात जोडले, मी बटण दाबलं. नदीकडे उतरताना तिने माझा दंड धरला. मावशीने मला ओळखलं, मग हिच्याकडे बघितलं. बाक पदराने पुसून दिला.

"चहा किती गोड करू, ताई?"

"ते घ्यायचे तेवढा," वहिनी म्हणाली.

चहा आला. तिने एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "गोडमिट्ट आहे गं. कसे प्यायचे हे." पण कप खाली ठेवला नाही. फुंकर घालत, थांबत थांबत, सगळा संपवला. नदीला पाणी कमी आहे सध्या. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं, आम्ही ते बघत बसलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, घड्याळाला माहीत असेल.

मग तिने माझं मनगट धरून स्वतःकडे वळवलं. "हे चालू आहे?"

"चालू आहे."

"आपण इथे बसलोय ते दिसेल त्यात?"

"गुंता दिसेल. बंद करू का?"

"नको," ती म्हणाली. "दिसू दे." आणि मावशीकडे वळून तिने दुसरा चहा मागितला.